रुग्णवाहिका येईपर्यंत

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी स्थानकासमोर श्रीसंघाची रुग्णवाहिका उभी असते. तिच्या दोन्ही दारांवर एका मातोश्रींचे नाव असून त्याखाली 'यांच्या पुण्यस्मरणार्थ' अशी ओळ आणि अर्पणकर्त्या कुटुंबाचे नाव रंगविलेले आहे. तीन पिढ्यांपासून हे कुटुंब काच, प्लायवूड आणि फर्निचरच्या साहित्याचा व्यापार करते. कुटुंबप्रमुखांना सारे गाव 'भाईजी' म्हणते, आणि घरातील लेकी-सुनाही त्यांना त्याच नावाने हाक मारतात. कुटुंबाच्या इच्छेवरून येथे कोणाचेही नाव दिलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी, वैशाखातील एका दुपारी, दुकानामागील गोदामात ट्रकमधून काचेचा माल उतरविला जात होता. एक मोठी शीट हातांतून निसटली, भिंतीच्या कोपऱ्यावर आदळून फुटली आणि तिचा एक धारदार तुकडा सव्वीस वर्षांच्या कामगाराच्या मांडीत खोल घुसला. त्या वेळी गोदामात आठ माणसे होती आणि त्यांपैकी एकही जण हात बांधून उभा राहिला नाही. कोणी घरातून हळदीचा डबा आणला, कोणी जखमेच्या वर सुतळी आवळली, कोणी त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला, कोणी पंख्याने वारा घालू लागला. स्वतः भाईजींनी स्थानकात फोन लावला. रुग्णवाहिका अकराव्या मिनिटाला दारात आली. गावातील दुपारची रहदारी लक्षात घेता तिला उशीर झाला असे कोणीही म्हणू शकणार नाही.

रुग्णालयाच्या पायरीवर पोहोचण्यापूर्वीच तो तरुण गेला. तपासून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी सोबतच्या माणसांना एकच प्रश्न विचारला : "जखम कोणी दाबून धरली होती का?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. भाईजींनी मृताच्या कुटुंबास कायद्याने देय असलेली भरपाई दिली, त्याहून अधिकही दिले आणि त्याच्या मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. तथापि आईच्या नावाची रुग्णवाहिका वेळेवर येऊनही आपल्या दुकानातील माणूस वाचला नाही, हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. दुकानाचे हिशेब पाहणाऱ्या त्यांच्या धाकट्या सुनेने महिन्याभराने त्यांच्यापुढे एक विचार मांडला. ती म्हणाली, "भाईजी, आपण गाडी दिली, पण गाडी येईपर्यंत काय करायचे हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ते शिकता येत असेल, तर शिकायला हवे."

पहिली दहा मिनिटे

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणतः पाच लिटर रक्त असते. मांडीतील मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी वाहिनी, तुटली तर प्राण जाण्यास पाच-दहा मिनिटेही पुरतात. हृदय अकस्मात बंद पडले तर प्राणवायूवाचून मेंदूची हानी चार ते सहा मिनिटांत सुरू होते. घास श्वासनलिकेत पूर्णपणे अडकला तरीही हाती असलेला वेळ मिनिटांतच मोजावा लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत. पण कोणतेही वाहन रस्त्यावरूनच येणार आणि त्याला वेळ लागणारच. म्हणून पहिली दहा मिनिटे डॉक्टरांच्या हाती नसतात. घरातील, दुकानातील किंवा रस्त्यावरील जो माणूस त्या क्षणी जवळ असेल, त्याच्याच हाती ती असतात.

गोदामातील त्या आठ जणांचे काय चुकले, हे पुढे प्रशिक्षणात उलगडत गेले. वाहत्या रक्तावर हळद टाकून मोठ्या वाहिनीचा रक्तस्राव थांबत नाही. सुतळीसारखी बारीक दोरी कातडीत रुतते. ती वरवरच्या नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, तेवढ्या आवळते. आतील रोहिणी वाहतीच राहते आणि परतीची वाट अडल्यामुळे रक्तस्राव उलट वाढू शकतो. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. करायचे होते ते याहून सोपे होते. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून, जखम खोल असल्यास कापड आत घट्ट भरून, दोन्ही तळहातांनी शरीराचे वजन टाकत ती अखंड दाबून धरायची होती. तेवढ्याने रक्त थांबले नसते, तर निदान दीड-दोन इंच रुंदीचा पट्टा जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून बांधायचा, त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायचा, बांधल्याची वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरांशिवाय कोणी तो सोडायचा नाही. मात्र जखमेत रुतलेली वस्तू उपसून काढायची नसते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावयाचा असतो.

जैन कुटुंबांत अनुकंपा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सम्यक्त्वाच्या पाच लक्षणांत तिची गणना होते. त्याच परंपरेने यतना हाही शब्द दिलेला आहे. चालणे, बोलणे, वस्तू उचलणे आणि ठेवणे या प्रत्येक क्रियेत सावध, जाणती दक्षता बाळगणे म्हणजे यतना. त्या दुपारी गोदामात अनुकंपेची वाण नव्हती. वाण होती ती यतनेची, आणि यतना केवळ भावनेतून येत नाही. ती शिकावी लागते.

कामासाठी निघालेला एक व्यापारी

सामान्य नागरिकाने जखमीची शुश्रूषा करावी, या विचाराला जगभर संघटित रूप देणारा माणूस डॉक्टर नव्हता, सैनिकही नव्हता. तो व्यापारी होता. जिनिव्हाचे आंरी द्युनां यांचा अल्जीरियात धान्य दळण्याच्या गिरण्यांचा उद्योग होता. जमीन आणि पाणी यांच्या परवान्यांचे काम अडकले, म्हणून फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याची प्रत्यक्ष भेट घेण्यासाठी ते १८५९ मध्ये उत्तर इटलीत गेले. सम्राट तेथे युद्धात गुंतलेला होता. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरीनोची लढाई झाली आणि शेजारच्या कास्तिल्योने या गावात हजारो जखमी येऊन पडले. त्यांना पाहणारे डॉक्टर मूठभर होते.

द्युनां यांनी आपले काम बाजूला ठेवले. गावातील स्त्रियांना आणि मुलांना सोबत घेऊन त्यांनी चर्चमध्ये पडलेल्या जखमींना पाणी दिले, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. जखमी कोणत्या पक्षाचा आहे हे पाहिले नाही. हा अनुभव त्यांनी १८६२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. शांततेच्या काळातच स्वयंसेवकांना शिकवून सज्ज ठेवावे, अशी सूचना त्यात होती. त्यातूनच १८६३ मध्ये पुढे रेड क्रॉस म्हणून ओळखली गेलेली समिती स्थापन झाली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. स्वतः द्युनां मात्र १८६७ मध्ये दिवाळखोर ठरले आणि अनेक वर्षे विपन्नावस्थेत जगले. १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना फ्रेदेरीक पासी यांच्यासह देण्यात आले. व्यापारी म्हणून त्यांचे खाते तुटीत बंद झाले. जगाला मात्र त्यांनी मोठे भांडवल ठेवून दिले.

पुढचे पाऊल सामान्यांच्या शिक्षणाचे होते. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि खाणी, रेल्वे व कारखाने येथील कामगारांना प्रथमोपचार शिकविले जाऊ लागले. जर्मनीतील कील येथे शल्यचिकित्सक फ्रीड्रिख फॉन एस्मार्ख यांनी १८८२ मध्ये नागरिकांसाठी अशीच शाळा काढली. आजही प्रथमोपचाराच्या पेटीत जी त्रिकोणी पट्टी असते, तिचा प्रसार त्यांनीच केला. भारतात १९२० च्या कायद्याने इंडियन रेड क्रॉस सोसायटी स्थापन झाली. सेंट जॉन अँब्युलन्सचे वर्गही येथे दीर्घकाळ चालत आले आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तर दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यावर प्रमाणपत्रधारक जबाबदार व्यक्ती असा दंडकच घालून दिला. कारखान्याला जे बंधन घातले गेले, ते दुकानाने, गोदामाने आणि घराने आपणहून स्वीकारण्यास कोणाचीही आडकाठी नव्हती.

पोलीस आणि कोर्टाची भीती

व्यापारी कुटुंबांत एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते : "भानगडीत पडू नका; पोलीस मागे लागतील." ही भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. दिल्लीत एका शाळकरी मुलाचा रस्ते अपघातात, मदतीअभावी रस्त्याकडेला पडून मृत्यू झाला. त्याचे नातलग पीयूष तिवारी यांनी त्यानंतर २००८ मध्ये सेव्ह लाइफ फाउंडेशन स्थापन केले. या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी आपण अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले, आणि त्यांपैकी ८८ टक्के लोकांनी पोलीस चौकशी व न्यायालयाच्या खेटा यांसारखी कायदेशीर कटकट हे कारण दिले.

या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. रस्ते अपघातातील जखमीस सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्याने आपले नाव-पत्ता सांगावा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. रुग्णालयांनी या हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असेही नियम सांगतात. अपघातग्रस्तास तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले होते. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांची केंद्रीय योजनाही लागू झाली आहे. तेव्हा 'पैसे कोण भरणार' ही शंकाही पूर्वीइतकी अडसर ठरू नये.

कलम १३४-अ हे मोटार अपघातांपुरते आहे, हे ध्यानात ठेवावे. दुकानात किंवा घरात शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीस जुन्या दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये संरक्षण होते. तेच आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. कायद्याने हात मोकळे केले आहेत. त्या हातांना काम शिकविणे हे ज्याचे त्याने करावयाचे आहे.

स्थानकाच्या सभागृहातील वर्ग

भाईजींच्या सुनेने जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी केली आणि चातुर्मासापूर्वीच्या दोन रविवारी गावातच वर्ग घेण्याचे ठरले. शिकविण्यासाठी लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आले. नोंदणी साठ जणांनी केली होती. प्रत्यक्षात चौतीस आले. त्यांत दुकानातील सात कामगार होते आणि भाईजी स्वतः, सत्तरीच्या उंबरठ्यावर असूनही, पहिल्या रांगेत बसले होते.

सुरुवातीचा संकोच मोठा होता. जमिनीवर ठेवलेल्या रबरी पुतळ्याच्या छातीवर सर्वांसमोर दाब देण्यास कोणी पुढे येईना. एका भगिनीने अगदी हलक्या हाताने दाब दिला, तेव्हा हवालदार म्हणाले, "ताई, हे बाळाला थोपटणे झाले. जोर लावा, फासळी मोडेल म्हणून भिऊ नका. फासळी पुढे सांधते." छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपर न वाकविता, निदान दोन इंच खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायचा आणि प्रत्येक दाबानंतर छातीला पूर्ण वर येऊ द्यायचे, हे प्रत्येकाकडून घामाघूम होईपर्यंत करवून घेण्यात आले. तोंडाने श्वास देण्याचा संकोच असणाऱ्यांना डॉक्टरांनी एक उपयुक्त माहिती दिली. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाचीच पद्धत सुचविली आहे. माणूस हलवून-हाका मारूनही प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही, असे दिसताच १०८ किंवा ११२ ला कळवायचे आणि दाब सुरू करायचा. मदत येईपर्यंत तो थांबवायचा नाही.

नंतर घरगुती प्रसंगांची पाळी आली आणि अनेक समजुती एकेक करून गळून पडल्या. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावायचा नसतो. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो. फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरायची नाही, त्याच्या दातांत चमचा घालायचा नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करून झटके थांबताच त्याला कुशीवर वळवायचे. घास अडकून श्वास कोंडला आणि खोकताही येईना, तर पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा आणि नंतर बेंबीच्या वर आत व वरच्या दिशेने पाच झटके, असा क्रम घास निघेपर्यंत चालू ठेवायचा. वर्षाच्या आतील बाळाच्या पोटावर मात्र कधीही झटका द्यायचा नाही. त्याच्या पाठीवर थापा आणि छातीवर दोन बोटांनी दाब द्यायचा. सर्पदंशाची जागा कापायची नाही, चोखायची नाही, आवळूनही बांधायची नाही. माणसाला न चालविता, दंश झालेला अवयव न हलविता रुग्णालयात न्यायचे. उंचावरून पडलेल्याची मान वाकवायची नाही आणि आग किंवा रहदारीसारखा धोका नसेल तर त्याला जागचा हलवायचाही नाही.

पर्युषणाच्या दिवसांतील एक प्रश्नही निघाला. दीर्घ तपश्चर्या करणारी वृद्ध व्यक्ती स्थानकात चक्कर येऊन पडली, तर काय करावे? डॉक्टर म्हणाले, "प्रथम श्वास पाहा. श्वास चालू असेल तर आडवे करा, पाय थोडे वर उचला, भोवतीची गर्दी हटवा. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. तपस्व्याला मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत का, हे पच्चक्खाण घेण्यापूर्वीच घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्या." तपश्चर्येची थोरवी कमी न करणारी, तरीही व्यवहाराला धरून असलेली ही सूचना सर्वांनी वहीत उतरवून घेतली.

श्राविकांनी का शिकावे

या वर्गाची गरज संघाला आणखी एका कारणाने भासत होती. साधु-साध्वीजी पायी विहार करतात, बहुधा पहाटे, आणि आज गावे जोडणारे रस्ते म्हणजे वेगवान महामार्ग झाले आहेत. विहारातील अपघातांच्या वार्ता समाजाला वारंवार ऐकाव्या लागतात. म्हणून अनेक गावांतील तरुण चकाकणारी जाकिटे घालून, हातात बॅटरी घेऊन विहार सेवेसाठी सोबत चालतात. त्यांची भावना थोर आहे. परंतु अपघात झालाच तर पहिल्या मिनिटात काय करायचे, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

साध्वीजींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पुरुषांनी त्यांना स्पर्श न करण्याची मर्यादा सर्वांना ज्ञात आहे. प्राणसंकटात कोणता अपवाद करावा, हे सांगण्याचा अधिकार गुरुभगवंतांचा आहे. पण रस्त्यावर तो विचार करीत थांबण्याइतका वेळ नसतो. सोबत चालणाऱ्या श्राविकाच प्रशिक्षित असल्या तर हा प्रश्न बहुतांशी उरतच नाही. वर्गाच्या अखेरीस चौदा भगिनींनी विहार सेवेसाठी नावे दिली. पाठीवरच्या एका पिशवीत जाड कापडाच्या घड्या, गॉझ, रुंद पट्टा, त्रिकोणी पट्ट्या, हातमोजे, कात्री, शिट्टी आणि बॅटरी ठेवण्याचे ठरले.

मार्गशीर्षातील पहाट

चातुर्मास संपला. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाले. मार्गशीर्षातील एका धुकट पहाटे पाच साध्वीजींचा विहार महामार्गाच्या कडेने चालला होता. सोबत चार श्राविका आणि दोन तरुण होते. श्राविकांत भाईजींची धाकटी सून होती. समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आली. धुक्यात अचानक माणसे दिसताच चालकाने गाडी वळविली आणि ती घसरून रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली. पंचेचाळिशीचा तो दूधवाला बाजूला फेकला गेला. त्याच्या पोटरीवर खोल चीर पडली होती आणि रक्त उसळत होते.

नंतर तिने घरी सांगितले की, काही क्षण तिला गोदामच दिसले. मग हवालदारांनी घोकून घेतलेला क्रम आठवला : आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहा, मग मदत बोलवा, मग हात लावा. तिने एका तरुणाला बॅटरी घेऊन मागच्या वळणावर रहदारी थांबविण्यास पाठविले, दुसऱ्याला १०८ ला फोन करून जवळचा किलोमीटरचा दगड सांगण्यास सांगितले, हातमोजे चढविले आणि गुडघे टेकले. चिरेत गॉझ भरून तिने वर कापडाची घडी ठेवली आणि दोन्ही तळहातांनी वजन टाकले. घडी भिजली, तिने ती न काढता वर दुसरी ठेवली आणि दाब वाढविला. तिचे हात बधिर होऊ लागले तेव्हा दुसऱ्या भगिनीने तिच्या हातांवर आपले हात ठेवले, मग तिने स्वतःचे सावकाश बाहेर काढले. दाब क्षणभरही सुटला नाही. तिसरी त्या माणसाशी बोलत राहिली, त्याच्या अंगावर शाल पांघरली, आणि तो पाणी मागत असतानाही ते न देता "गाडी येते आहे, दादा" असे सांगत राहिली. साध्वीजी रस्त्यापासून दूर, झाडाखाली उभ्या राहून नवकार म्हणत होत्या. पट्टा बांधावा लागला नाही, रक्त मंदावले. रुग्णवाहिका सोळाव्या मिनिटाला आली.

पाठोपाठ पोलीस हवालदार आले. त्यांनी वही उघडली आणि स्वतःहून म्हणाले, "ताई, नाव सांगायचे की नाही हे तुमच्या इच्छेवर आहे." तिने नाव सांगितले. लपविण्यासारखे काही नव्हते.

पाचव्या दिवशी दूधवाला आपल्या पायांनी घरी गेला. त्या रात्री भाईजींनी सुनेला जवळ बसवून विचारले, "त्या दिवशी गोदामात हेच करायला हवे होते का?"

तिने उत्तर दिले, "हो, भाईजी. एवढेच."

तो कामगार त्यामुळे वाचलाच असता, असे कोणताही डॉक्टर ठामपणे म्हणणार नाही. मांडीची जखम पोटरीच्या जखमेहून कितीतरी घातक असते. पण प्रयत्न करण्याजोगे काही होते आणि ते कोणाला ठाऊक नव्हते, हे आता त्या घराला कळले आहे. त्या ज्ञानात वेदना आहे, आणि पुढच्या माणसासाठी आशाही आहे.

संघाने काय करावे

असा वर्ग भरविणे अवघड नाही. रेड क्रॉसच्या जिल्हा शाखा, सेंट जॉन अँब्युलन्सची केंद्रे, नागरी संरक्षण दल आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील भूलशास्त्र विभाग येथे चौकशी करावी. पूर, भूकंप अशा आपत्तींत काम करण्याची इच्छा असलेल्या तरुणांनी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात 'आपदा मित्र' योजनेविषयी विचारावे. प्रशिक्षकाला चार प्रश्न अवश्य विचारावेत. प्रत्येकाला पुतळ्यावर स्वतः सराव करायला मिळेल का? रक्तस्राव थांबविण्याचे प्रत्यक्ष शिक्षण त्यात आहे का? लहान मुलांसाठीची कृती वेगळी शिकविली जाईल का? उजळणी केव्हा होईल? केवळ भाषण आणि चित्रफीत दाखवून प्रमाणपत्र देणारा वर्ग नाकारावा. हाताने शिकलेली ही कला काही महिन्यांतच विसरू लागते. म्हणून वर्षातून निदान एकदा सराव आणि दोन वर्षांनी पुन्हा पूर्ण वर्ग असावा.

दुकानदाराने हमाल, चालक, कारागीर यांना वर्गाला पाठवावे आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. धोका त्यांनाच अधिक असतो आणि दुसऱ्याच्या मदतीला प्रथम तेच धावतात. प्रथमोपचाराची पेटी कुलपात ठेवू नये. दर तीन महिन्यांनी तिची यादी ताडून पाहावी. माल मोजण्याची सवय असलेल्या घरांना हे सांगावे लागू नये. घरातील प्रत्येकाला, नातवंडांसह, १०८ आणि ११२ हे क्रमांक आणि आपला पत्ता नीट सांगता यावा.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांची समाजाची परंपरा मोठी आहे. रुग्णवाहिका हे त्यातीलच एक दान आहे आणि ते चालूच राहावे. पण ती येईपर्यंत जखमीजवळ बसून राहणाऱ्या दोन शिकलेल्या हातांत औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही तिन्ही एकत्र येतात. त्यासाठी धन लागत नाही. दोन रविवार लागतात.

भाईजींच्या दुकानात आता गल्ल्यामागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, लाल रंगाची एक पेटी टांगलेली आहे. तिला कुलूप नाही. तिच्या झाकणावर दुकानातील प्रशिक्षित माणसांची नावे लिहिलेली आहेत. सध्या ती अकरा आहेत आणि त्यांत पहिले नाव भाईजींचे आहे.